अकराची फेरी

"समुद्र रद्द!" विक्कीने सोफ्यावर अंग टाकलं. "डॉल्फिन रद्द, मालवण रद्द, सगळं रद्द! बाबांच्या कंपनीने त्यांची सुट्टीच कापली, आता बसा बेसामध्ये कूलरपुढे!"

"गळा काढू नको," त्याच्या ताईने, हिमानीने, नाकासमोर फोन धरला. "समुद्र गेला, पण किनारा मिळाला. काजलने काय लिहिलंय वाच."

विक्कीने मोठ्याने वाचलं, "'आमच्या धरणावर या. किनारा सफारी सुरू झाली. बोटीतून पक्षी दाखवतात. समुद्रावर राहतात ना, तसेच पांढरे! गुरुवारी सकाळी आठच्या फेरीले या. उशीर करू नका.' हे कोणतं धरण?"

"पिंपळडोह. उमरेड रोडच्या पुढे. तिचे आबाजी तिथे राहतात."

काजल हिमानीच्या वर्गात होती. शाळा असली की ती आईबरोबर नागपुरातल्या बेसात राहायची आणि सुट्टी लागली की आबाजींकडे पळायची. तिचे आबाजी म्हणजे आईचे वडील, नत्थूजी. अडुसष्ट वर्षांचे, जातीचे ढिवर, सगळा जन्म डोंग्यात आणि जाळ्यात गेलेला. दोन वर्षांपासून वनखात्याने त्यांना 'बेटरक्षक' केलं होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधोमध वाळूचं एक बेट उघडं पडायचं आणि त्यावर सुरय नावाचे पक्षी अंडी घालायचे. त्या बेटावर पाय ठेवायची परवानगी नत्थूजींना एकट्यालाच होती, तीही दिवसातून एकदा, पहाटे घरटी मोजण्यापुरती.

गुरुवारी बाबांनी दोघांना गाडीत घातलं. सहाला निघाले असते तर आठची फेरी आरामात मिळाली असती. पण नागपूरचा माणूस सकाळी गावाबाहेर पडतो तेव्हा तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबल्याशिवाय त्याचं चाक पुढे सरकत नाही! विक्कीने दुसरी प्लेट मागितली, त्याच्यावर परत तर्री मागितली. बाबांनी दोन चहा घेतले. पुढे रस्त्याचं काम निघालं. पिंपळडोहला पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते आणि बाबा मुलांना रविवारपर्यंत काजलकडे सोडून तसेच हिंगण्याला दुपारच्या शिफ्टसाठी पळाले.

काजल घाटावर उभी होती. चेहरा लाल, अर्धा उन्हाने, अर्धा रागाने.

"सात वाजल्यापासून उभी राहून राहिली मी! शेवटची फेरी नऊलेच आटोपली!"

"सॉरी वं," हिमानी म्हणाली. "या राक्षसाचं पोट भरेना."

"तर्री भारी होती, काय करू!" विक्की म्हणाला. "काजलताई, आता काहीच नाही होऊ शकत? एकच फेरी! प्लीज!"

तेवढ्यात गिरिधर आला. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात कर्णा. तो सफारीचा गाइड होता आणि नत्थूजींच्या बहिणीचा मुलगा, म्हणून काजलचा मामा. हसतमुख माणूस होता तो, भेटताक्षणी आवडावा असा.

"काहून तोंड पाडून बसले पोट्टेहो? नागपूरचे पाहुणे अन् तसेच परत जातीन? मागच्या घाटावर या. तिथून काढतो बोट."

"पण मामा, दहा ते चार पाण्यावर कोणी जायचं नाही, असा नियम हाय ना?" काजलने विचारलं.

"तो उन्हाचा नियम हाय वं! माणसाले ऊन लागू नये म्हणून. मागल्या वर्षी एक चौकीदार चक्कर येऊन पडला, म्हणून केला हा नियम. आपल्या बोटीले तं छत हाय!"

 पाहुण्यांपुढे आपणच मोडता घालतो आहोत, असं काजलला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतंच.

मागच्या घाटावर आणखी दोन कुटुंबं वाट पाहत होती. तीही पोह्यांवर अडकलेली असणार! बोट निघाली. समोर पाणी चकाकत होतं, डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. बेटाभोवती लाल डबे तरंगत होते. ती बोटींसाठी हद्द होती. गिरिधरने इंजिन हळू केलं आणि डब्यांच्या दोरीवरून बोट अलगद आत घातली. आता पक्षी स्पष्ट दिसत होते. पांढरे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे, सगळे वाळूवर पोट टेकून बसलेले.

"हे तर नुसतेच बसलेत," मागून एक बाई कुरकुरली.

"थांबा नं बाई! आता पाहा आपला उड्डाण शो!" गिरिधरने कर्णा तोंडाला लावला. "मोबाइल तयार? एक, दोन, तीन... टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. विक्कीने तर उभं राहून पिटल्या. आणि बेटच्या बेट हवेत उठलं! ऐंशी पक्षी एकाच वेळी, डोक्यावर, चीत्कारत, गिरक्या घेत! हिमानीच्या अंगावर काटा आला. असं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पक्षी खाली येऊ लागले की गिरिधर पुन्हा "टाळ्या!" ओरडायचा. असं तीनदा झालं. मग सगळ्यांनी हातात तारखेची पाटी धरून फोटो काढला.

परतताना गिरिधर हसत म्हणाला, "कोणी इचारलं तं सातची फेरी सांगजा. उगीच कागदपत्राची कटकट कशाले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी बेटावरून आले ते तसेच उंबऱ्यावर बसले. काजलने चहा दिला. कप हातातच राहिला.

"काय झालं आबाजी?"

"सहा गेले."

"कोण?"

"सहा घरटे. अंडे तसेच हायत, फुटले नाही, कोणी नेले नाही. पण माय बसत नाही त्याच्यावर. मेले आतमधी." त्यांनी कप खाली ठेवला. "चाळीस घरटे होते वं. पंधरा राहिले."

विक्की हातातली पोळी विसरून ऐकत होता.

नऊच्या सुमाराला जीप आली. वनखात्याच्या दामिनी मॅडम उतरल्या. पस्तिशीच्या, खाकी गणवेशातल्या, आणि त्या दिवशी अजिबात न हसणाऱ्या.

"नत्थूजी, मागच्या आठवड्यात पाठवलेली अंडी नागपूरच्या डॉक्टरांनी उघडून पाहिली," त्या म्हणाल्या. "आत पिल्लं जवळजवळ पूर्ण झाली होती. चोच, पंख, सगळं. ती उन्हाने मेली."

"उन्हानं? सुरय तं उन्हाळ्यातच अंडे घालते, मॅडम. जलमभर पाहून राहिलो."

"घालते, आणि भर उन्हात त्यांच्यावर बसूनही राहते. अंड्यांना ऊब द्यायला नाही, सावली द्यायला! पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. ती उठली तर पंचेचाळीस डिग्रीत दहा-पंधरा मिनिटंसुद्धा पुष्कळ होतात. म्हणजे कोणीतरी ऐन उन्हात बेटाजवळ जाऊन पक्षी उठवतंय." त्या थांबल्या. पुढचं बोलणं त्यांनाही जड जात होतं. "नऊनंतर एकाही बोटीची नोंद नाही. आणि दुपारी तुमचा डोंगा बेटापाशी दिसतो, असं मला सांगितलं गेलंय."

"कोणं सांगतलं?"

"ते राहू द्या. रविवारी सकाळी अकरा वाजता मी परत येईन. तोपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. बेटाजवळ दिसलात, तर रक्षकाचा बिल्लाही जाईल आणि डोंग्याचा पासही. मासेमारीचासुद्धा."

 नत्थूजींनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. वल्हं धरून धरून घट्टे पडलेले ते हात आता कुठे ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं.

जीप गेली. तिन्ही मुलं घरामागच्या कडुनिंबाखाली आली. कोणी कोणाकडे बघेना.

"आपण टाळ्या वाजवल्या," शेवटी विक्की म्हणाला.  "तीन वेळा. मी उभा राहून वाजवल्या."

"मी पण वाजवल्या," हिमानी म्हणाली. "आणि आता मॅडमसमोर गप्प बसले. भित्री कुठची!"

"नियम मले मालूम होता," काजल म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त मालूम होता. पास गेला तं आबाजी मरतील. बेसातल्या आमच्या एका खोलीत येऊन भिंतीकडे पाहत बसतील अन् मरतील."

तिला रडू फुटलं. मग विक्कीलाही. हिमानीने डोळे पुसले आणि उठून उभी राहिली.

"चला. गिरिधरमामाकडे."

गिरिधर बोटीला रंगाचा हात मारत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. हसू थोडं कमी झालं, पण गेलं नाही.

"एक फेरी केली मी. तीही कोणासाठी? तुम्हीच मागं लागले होते नं, 'प्लीज, प्लीज'? जा, सांगा मॅडमले. तुमचंही नाव लिहून घेतीन त्या." त्याने ब्रश डब्यात बुडवला. "अन् एका फेरीनं किती मेले? सहा. बाकीचे एकोणीस कोणं मारले मग? ते तं मामाजीच्याच नावावर राहतीन. उगीच मध्ये पडू नका पोट्टेहो."

आणि वाईट गोष्ट अशी, की त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. नुसतं कबूल करून आबाजी सुटत नव्हते.

"तो रोज नेत असणार," परत येताना हिमानी म्हणाली. "पण सिद्ध कसं करायचं?"

शनिवारी सकाळी तिघं घरात गुपचूप बसली होती. विक्की फोनवर 'किनारा सफारी'चं पान पाहत होता. गिरिधर प्रत्येक फेरीचे फोटो तिथे टाकायचा.

"हे बघ, सगळीकडे 'सकाळी सातची फेरी'च लिहिलंय. आपल्या फोटोखाली पण! खोटारडा!"

"दाखव." हिमानीने फोटो मोठा केला. पाटी धरून हसणारे ते तिघं. त्या हसण्याकडे तिला बघवेना, म्हणून तिने नजर बाजूला नेली. बोटीच्या टोकाला झेंड्याची काठी होती. पाच फुटांची तरी असेल. तिची नजर तिथेच अडकली.

"विक्की! याची सावली कुठेय?"

"कशाची?"

"काठीची! ही बघ, जेमतेम फूटभर. सकाळी सात वाजता सूर्य कुठे असतो? खाली! मग काठीची सावली काठीच्या तिप्पट तरी पडायला हवी. पार मागच्या बाकापर्यंत!"

"हो! सरांनी सांगितलं होतं, मे महिन्याच्या शेवटी नागपुरात एक दिवस दुपारी सावलीच गायब होते!" विक्की ओरडला. "म्हणजे आता दुपारच्या जवळ सावल्या एवढ्याशाच असणार!"

"बरोबर. आता बाकीचे फोटो बघ. लांब सावलीचे सोड. आखूड सावलीचे काढ."

लांब सावलीचे पुष्कळ होते. ते खरे सातचे, आठचे. पण आखूड सावलीचेही निघाले. एक, दोन, चार, सात... एकूण नऊ! प्रत्येकात लोकांच्या हातात पाटी आणि पाटीवर तारीख. काजलने वहीत नऊ तारखा लिहून काढल्या आणि एकदम पेन खाली ठेवलं.

"काजल?"

"आबाजीची दोरी," ती पुटपुटली आणि आत धावली.

नत्थूजींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या बापाने त्यांना जाळ्याच्या सुतावर मोजायला शिकवलं होतं. घरटी मोजून आले की ते दररोज त्या दिवसाचं एक लांब सूत मोठ्या दोरीला बांधायचे आणि जेवढी घरटी मेलेली दिसली तेवढ्या गाठी त्या सुताला मारायचे. काही मेलं नाही तर सूत कोरंच लटकायचं.

काजलने दोरी जमिनीवर पसरली. कालच्या सुतापासून मागे मोजत तिने एप्रिलअखेरपर्यंतचे दिवस लावले आणि मग ती एकेक सांगत गेली, हिमानी वही पाहत गेली.

"सात मेचं सूत. तीन गाठी."

"सहा मेला फोटो आहे. आदल्या दिवशी फेरी, दुसऱ्या दिवशी मेलेली दिसली!"

"आठ मे. कोरं."

"सात मेला फोटो नाही!"

"दहा मे. दोन."

"नऊला फोटो आहे!"

नऊ फोटो, गाठींची नऊ सुतं. एकही चुकलं नाही. सगळ्यात शेवटचं सूत पंधरा मेचं, आणि त्याला सहा गाठी.  बाकीच्या कोणत्याही सुतावर इतक्या गाठी नव्हत्या.

"काय करून राहिले गा तिथं?"

आबाजी दारात उभे होते. काजलने त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. टाळ्याही नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं! ते भिंतीला टेकून हळूच खाली बसले.

"गिरिधरनं नेलं?" त्यांनी एवढंच विचारलं. "एवढासा होता, तवा मीच डोंग्यात बसवून वल्हं देल्लं त्याच्या हाती."

हिमानीने दामिनी मॅडमना फोन लावला. या वेळी ती गप्प बसली नाही. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फोटो चांगले पकडलेत," त्या म्हणाल्या. "पण तो म्हणेल तारखा चुकून लिहिल्या, आणि दोरी तर तुमच्याच घरची. मला तो त्या घाटावर, त्या वेळी हवा. अकरा वाजता बोट काढताना. तेवढं झालं तर बघू."

"तेवढं होईल!" हिमानीने फोन ठेवला. "विक्की, तोंड बंद ठेव. काजल, माझ्या फोनमधल्या बाबांच्या जुन्या नंबरवरून लाव. गिरिधरमामाला माहीत नाही तो."

तिने घसा साफ केला आणि असा काही आवाज काढला की विक्कीने उशी तोंडात कोंबली.

"हॅलो? किनारा सफारी का? मी धरमपेठेतून बोलते आहे. उद्या आम्ही दहा जणं यायचं म्हणतोय. पण आमच्याकडे ना, कुणी लवकर उठतच नाही! त्यातून वाटेत पोहे. आठची फेरी काही जमायची नाही हो."

"काही टेन्शन नका घेऊ बाई!" पलीकडून गिरिधरचा आनंदी आवाज आला. "अकराची फेरी असतेच आपली! नागपूरचे लोक उशिराच येतात, मले काय मालूम नाही? मागच्या घाटावर या. उड्डाण शो फक्त त्याच फेरीले!"

फोन स्पीकरवर होता आणि विक्कीच्या फोनमध्ये सगळं रेकॉर्ड होत होतं.

रविवारी दहा वाजताच मुलं मागच्या घाटाजवळच्या पळसाच्या झुडपांत दडली. मॅडम साध्या कपड्यांत येणार होत्या. बोट पाण्यात उतरायच्या आत गिरिधरला धरायचं, असं ठरलं होतं. त्यात पक्ष्यांना धक्का लागणार नव्हता.

पण सव्वादहाला एक मोठी गाडी आली. त्यातून आठ माणसं उतरली, आजीपासून नातवापर्यंत. आणि गिरिधरने घड्याळ पाहत इंजिनाची दोरी ओढली.

"हे काय!" विक्की दबक्या आवाजात म्हणाला. "अजून अकरा वाजायचे आहेत!"

"आपल्या फेरीच्या आधी एक आणखी काढून राहिला," काजल म्हणाली. "म्हणजे आज दोनदा उठवणार होता!"

हिमानीने मॅडमना फोन लावला. लागेना. रस्त्यावर धुरळा नव्हता, जीप नव्हती. बोट घाटापासून सुटली होती.

काजल पळत सुटली.

नत्थूजी घरापुढे पालथ्या घातलेल्या डोंग्याजवळ बसले होते. तिने धापा टाकत सांगितलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहिलं. बोट बेटाकडे निघालेली दिसत होती.

"मॅडमनं सांगतलं," ते सावकाश म्हणाले. "आज बेटाजवळ दिसलो तं सगळं गेलं."

"हो आबाजी."

"अन् नाही गेलो तं ते पंधरा जातीन."

ते उठले. दोघांनी मिळून डोंगा सुलटा करून पाण्यात ढकलला. त्यांनी काजलच्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे स्वतः आवळले आणि वल्हं उचललं. दोन दिवस जे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, ते आता भराभर चालू लागले. घरापासून बेट जवळ होतं, मागच्या घाटापासून लांब. तेवढाच फायदा होता.

इकडे घाटावर एक साधी गाडी येऊन थांबली. दामिनी मॅडम उतरल्या, त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

"बेटाजवळ डोंगा आहे. नत्थूजींचा! दोन दिवससुद्धा राहवलं नाही यांना?"

"मॅडम, नाही!" विक्की जवळजवळ किंचाळला. "डावीकडे बघा! डावीकडे! बोट!"

दुर्बीण डावीकडे वळली. 

पाण्यावर गिरिधरची बोट लाल डब्यांजवळ पोचली होती, आणि बोट आणि बेट यांच्या मधे, डब्यांच्या बरोबर बाहेर, नत्थूजींनी डोंगा आडवा लावला होता.

"मामाजी, बाजूले व्हा!" गिरिधर कर्ण्याशिवायच ओरडला. "लोक बसले हायत बोटीत! धक्का लागन!"

"लागू दे."

"तुमचा पास जाईन!"

"जाऊ दे."

"अहो, काय भानगड आहे?" बोटीतले काका वैतागले. "आम्हाला तो उड्डाण शो दाखवणार आहेत ना?"

काजल डोंग्यात उभी राहिली.  आठ अनोळखी चेहरे तिच्याकडे पाहत होते.

"तो शो नाही, काका. त्या पक्ष्यांच्या खाली अंडी आहेत. तुम्ही टाळ्या वाजवल्या की ते उठतात, आणि ते उठले की अंडी उन्हात भाजतात. आत पिल्लं असतात. त्यांना चोच पण आलेली असते." तिने डोंग्याची कड धरली. "मला माहीत आहे, कारण गुरुवारी मी पण वाजवल्या. आमच्या टाळ्यांनी सहा घरटी मेली. आम्हाला खूप मजा आली होती."

 एका लहान मुलाने मोबाइल धरलेला हात खाली घेतला.

"फिरव बोट," मागच्या बाकावरून आजी म्हणाली. "ए भाऊ, ऐकू नाही आलं? फिरव म्हणते ना!"

गिरिधरने आजीकडे पाहिलं, मग मामाकडे. त्याने बोट फिरवली. बेटावरचे पक्षी जागचे हलले नव्हते.

घाटावर दामिनी मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. हिमानीने फोटो, तारखा, दोरी सगळं त्यांच्यासमोर मांडलं. विक्कीने रेकॉर्डिंग लावलं. 'अकराची फेरी असतेच आपली!' हा स्वतःचा आनंदी आवाज गिरिधरने मान खाली घालून ऐकला. मामाचा डोंगा दुपारी बेटापाशी दिसतो, हे कोणी सांगितलं होतं, तेही मग त्यानेच कबूल केलं. मॅडमनी तिथल्या तिथे सफारीचा परवाना काढून घेतला आणि त्याला दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर व्हायला सांगितलं.

"मामाजी, देवाशप्पत, अंडे मरतात हे मले मालूम नव्हतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो खोटं बोलत नव्हता. "मले वाटलं, उडतात अन् बसतात. तुमच्यावर आलं तवा घाबरलो, म्हणून खोटं बोललो."

"मालूम नव्हतं तं इचाराचं होतं," नत्थूजी म्हणाले. "मी तं बाजूलेच होतो रे."

गिरिधरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मॅडम नत्थूजींसमोर आल्या. "चूक माझी झाली," त्या सरळ म्हणाल्या. "दहा ते चार पाणी पहाऱ्याविना सोडलं ते मीच, आणि संशय घेतला तुमच्यावर. मला माफ करा. बिल्ला आणि पास, दोन्ही तुमचेच आहेत. उद्यापासून दुपारी या काठावर आमचा माणूस सावलीत बसून पहारा देईल." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही तिघं! सावलीवरून वेळ ओळखलीत, गाठींवरून दिवस जुळवलेत. आमच्या अख्ख्या कार्यालयाला जे जमलं नाही, ते तुम्ही तीन दिवसांत केलंत. शाबास! तुमची नावं मी नागपूरला कळवणार आहे."

एरवी विक्कीने उडी मारली असती. तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, कळवायचं तर सगळं कळवा," तो म्हणाला. "त्यातली सहा आमची होती."

मॅडमनी मान डोलावली. "कळवीन," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

संध्याकाळी बाबा घ्यायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "पोह्यासाठी मीच थांबलो होतो," एवढं म्हणून विक्कीजवळ बसले. त्यांनी सोमवारची सकाळची रजा टाकली. रात्रभर राहायचं ठरलं.

अंगणात नत्थूजी विक्कीच्या शेजारी येऊन टेकले.

"झोप लागन का गा तुले आज?"

विक्कीने मान हलवली. नाही.

"मलेही नाही लागत. पंचवीस गेले, झोप कशी लागन?" त्यांनी त्याच्या पाठीवर आपला खरखरीत हात ठेवला. "पण सकाळी उठून मोजाले जा लागते. जे हायत ते मोजाले जा लागते."

पहाटे उजाडता उजाडता सगळे काठावर आले. मुलांना बेटावर न्यायची परवानगी नव्हती आणि कोणी मागितलीही नाही. नत्थूजींचा डोंगा एकटाच धुक्यासारख्या उजेडात बेटाकडे गेला. विक्की गुडघाभर पाण्यात उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या.

डोंगा परत फिरला. पक्ष्यांपासून पुरेसा दूर आल्यावर नत्थूजींनी वल्हं थांबवलं आणि काठाकडे तोंड करून हाक दिली,

"पंधरा!"